नवा गुडघा, जुनी सायकल!

तुम्ही हिंजवडीत डेडलाइनशी झुंजताय आणि एरंडोलहून नानांचा फोन, ‘पद्मालयला सायकलने जाऊ का?’ गुडघा बदलून जेमतेम दोन महिने झालेत आणि यांना डोंगरावरचा गणपती खुणावतोय! पण लगेच ‘नाही’ म्हणू नका.

सायकलपटू फ्लॉइड लँडिसने २००६ मध्ये खुब्याच्या सांध्यावर धातूचं आवरण बसवून घेतलं आणि २००९ मध्ये तो पुन्हा रेसमध्ये उतरला. (डोपिंगमुळे त्याचं टूर द फ्रान्सचं विजेतेपद गेलं, ती वेगळीच स्टोरी!)

सायकलवर अंगाचा बराच भार सीट घेते, त्यामुळे गुडघ्याला हादरे कमी. मात्र पेडल पूर्ण फिरायला तो साधारण ११० अंशांपर्यंत वाकायला हवा. म्हणून आधी घरातली एक्सरसाइज सायकल, सीट उंच, पेडल सुरुवातीला उलटं. रस्त्यावर साधारण तीन महिन्यांनी, तेही सर्जन ‘हो’ म्हणाले तरच.

खरी भीती पडण्याची. टांग टाकून चढायची नानांची स्टाइल आता बंद, बिनदांडीची लेडीज सायकल बरी. नाना चिडतील, चिडू देत! आधी गल्लीतल्या गल्लीत, कुणीतरी सोबत. हायवे नकोच. आणि पद्मालयचा चढ? सध्या गाडीनेच.