कोरी काच

खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात शिरण्यापूर्वी मोबाइल बंद करावा लागतो, आणि मी गावचाच असल्यामुळे हा हुकूम मला कधी जाचक वाटला नाही. कारण 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्या सुमारे 25 किलोमीटरांच्या टापूत पसरून आकाशातील ज्या कुजबुजीकडे कान लावून बसतात, ती इतकी क्षीण असते की खिशातला एक फोनही तिला गिळून टाकील. पुढे पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पेशींचा अभ्यास करू लागलो, तेव्हा तेथेही ह्याच जातीचा बंदोबस्त ठेवावा लागतो असे ध्यानात आले.

पेशीत प्रथिने अहोरात्र घडत असतात, आणि त्यांतील काहींची घडी चुकते. ती सावरून देणारी मदतनीस प्रथिने पेशीत असतात. पण त्यांनाही जे दाद देत नाही, त्याच्यावर युबिक्विटिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाचा, जणू जप्तीचा, शिक्का बसतो आणि त्याची रवानगी प्रोटिएसोम नावाच्या मोडयंत्राकडे होते. नारायणगावच्या बाजारासाठी क्रेट भरताना डागी टोमॅटो न पाहताच बाजूला सारणारा आमच्या बायकांचा हात ज्याने पाहिला आहे, त्याला ही निवड वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ह्या शिक्क्याचा शोध लावणाऱ्या चिखानोव्हर, हेर्श्को आणि रोझ ह्यांना 2004 साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

परंतु शिक्का दिसावा कसा? प्रथिनाला स्वतःचा रंग नाही. म्हणून युबिक्विटिनला नेमके ओळखणारे, उंदरापासून मिळवलेले प्रतिपिंड पेशींवर सोडायचे, आणि त्या प्रतिपिंडाला ओळखणारे, बकरीपासून मिळवलेले व चमकत्या रंगाने माखलेले दुसरे प्रतिपिंड त्याच्या मागावर पाठवायचे. प्रतिपिंडाला असा चमकता रंग जोडण्याची युक्ती अल्बर्ट कून्स ह्यांनी 1941 साली हार्वर्डमध्ये साधली.

हे काम दोन दिवसांचे, आणि त्यातील बहुतांश वेळ धुण्यात जातो. प्रोटिएसोम बंद पाडणारे औषध देऊन रात्रभर ठेवलेल्या पेशी फॉर्मल्डिहाइडने जागच्या जागी थिजवायच्या, म्हणजे अर्थातच मारायच्या. साबणासारख्या द्रवाने त्यांच्या पडद्याला भोके पाडायची. प्रतिपिंड भलतीकडे चिकटू नये म्हणून मोकळ्या जागा गायीच्या रक्तातील अल्ब्युमिनने आधीच अडवून टाकायच्या. पहिले प्रतिपिंड रात्रभर थंडीत, दुसरे तासभर अंधारात, आणि प्रत्येक टप्प्यानंतर तीनदा धुणे. शेवटी काचेच्या कडा नेलपॉलिशने बंद करतात; ही वस्तू खरेदीच्या यादीत पाहून कारकुनाने मागितलेला लेखी खुलासा आमच्या दप्तरी अद्याप असेल.

पहिल्या वेळी सूक्ष्मदर्शकात डोकावलो, तो सगळी पेशी हिरवीगार! रात्रीचे दहा वाजले होते, आणि दुसऱ्या कोणाला तरी बोलावून दाखवावे इतका मी हर्षित झालो होतो. मग सवयीने दुसरी काच चढवली, जिच्यावर पहिले प्रतिपिंड मुळीच टाकलेले नव्हते, आणि म्हणून जी काळीच दिसावयास हवी होती. तीही तितकीच हिरवी होती. धुण्यात मी घाई केली होती. रंग जेथे शिक्का तेथे न बसता जेथे जागा मिळाली तेथे बसला होता. आठवड्याने सारे पुन्हा केले, तेव्हा कोरी काच काळी राहिली, आणि औषध दिलेल्या पेशींत केंद्रकाला खेटून एक लहानसा, दाट हिरवा गोळा तेवढा उमटला: मोडीत काढावयाचा, पण मोडला न गेलेला माल पेशीने तेथे ओढून आणून रचला होता.

त्या गोळ्याचे छायाचित्र घेऊन मी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनास गावी गेलो. शाळकरी मुलांनी ‘ओ’ म्हणून घेतले आणि ती पुढे सरकली. शेजारच्या वस्तीवरचे एक म्हातारे काका मात्र बराच वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, “हा हिरवा रंग त्या पेशीचा, का तुमच्या औषधाचा रं?”

“औषधाचा, काका.”

“मग ते बरोबर जागी बसलंय, हे कशावरनं?”

इतका नेमका सवाल मला पुण्यातल्या चर्चासत्रांतही क्वचितच कोणी केला असेल, आणि त्याचे उत्तर नेमके मी पुण्यात टेबलाच्या खणात ठेवून आलो होतो. त्यानंतर मी एकटे हिरवे चित्र कोठेही मांडलेले नाही. त्याच्या शेजारी कोऱ्या काचेचे काळे चित्र असते, त्याच दिवशी आणि तितक्याच प्रकाशवेळेत टिपलेले.