हळद, कर्करोग आणि रक्तातले 41 नॅनोग्रॅम

हळदीतले कुरकुमीन रोज 8 ग्रॅम पोटात गेले. रक्तद्रवाच्या एका मिलीलिटरमध्ये सापडले 22 ते 41 नॅनोग्रॅम. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतले हे आकडे आहेत. माणसाच्या अंगात सुमारे 3 लिटर रक्तद्रव धरला, तर 8,000 मिलीग्रॅमपैकी जेमतेम 0.12 मिलीग्रॅम एका वेळी रक्तात होते. तेही बहुतेक यकृताने बाहेर टाकण्यासाठी बांधून ठेवलेल्या रूपात.

आता हिशेब आपल्या भागातला. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्याच कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राने दिलेल्या 'फुले स्वरूपा' वाणात कुरकुमीन 5 टक्क्यांच्या थोडे वर असते. भाजी-आमटीतून दिवसाला 2 ग्रॅम हळद गेली, तर कुरकुमीन जाते सुमारे 100 मिलीग्रॅम. चाचणीतली मात्रा त्याच्या 80 पट होती. ती नुसत्या हळदीतून घ्यायची म्हटली तर रोज 160 ग्रॅम पूड खावी लागेल.

मग हळदीने कर्करोग बरा होईल ही आशा आली कुठून? पेशीतून, आणि ती खोटी नव्हती. एनएफ-कप्पा-बी नावाचे एक प्रथिन पेशीद्रवात दुसऱ्या प्रथिनाने जखडलेले असते. दाहाचा संदेश आला की जखडणारे प्रथिन नष्ट केले जाते आणि मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी पेशीकेंद्रात शिरून अनेक जनुके चालू करते. पेशीला मरण्यापासून वाचवणारी जनुकेही त्यात असतात. कर्करोगाच्या कितीतरी पेशींत हे प्रथिन सतत जागे असते. कुरकुमीन त्याला अडवते, असे संशोधक भरत अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1995 मध्ये दाखवले आणि जगभर प्रयोगांची रीघ लागली. (अगरवाल यांचे 7 निबंध 2016 मध्ये एकाच नियतकालिकाने मागे घेतले, हेही वाचकाला माहीत असावे.)

पण अशा प्रयोगांत काचेच्या बशीतल्या पेशींना साधारणपणे 10 मायक्रोमोलर किंवा त्याहून अधिक कुरकुमीन दिले जाते. म्हणजे मिलीलिटरला सुमारे 3,700 नॅनोग्रॅम. रक्तातल्या 41 च्या 90 पट! त्यात हा रेणू टिकत नाही: शरीराच्या तापमानाला, रक्तरस नसलेल्या द्रावणात त्यातला सुमारे 90 टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो.

ह्यूस्टनच्या चाचणीत 25 रुग्ण होते, परिणाम 21 जणांत तपासता आला. एकाचा आजार 18 महिन्यांहून अधिक काळ स्थिर राहिला, एकाची गाठ 73 टक्के आक्रसली, पण थोड्याच काळापुरती. बाकीच्यांच्या पदरी काही पडले नाही. पुढे 2017 मध्ये कुरकुमीनच्या 120 हून अधिक चाचण्यांचा आढावा घेतला गेला. त्यात रुग्ण व डॉक्टर दोघांनाही औषध कोणते हे न कळू देता घेतलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली आढळली नाही.

आणखी एक अडचण मुळातली आहे. कर्करोग सुरू होतो तो डीएनएतल्या बिघाडातून. तंबाखूच्या रसायनांनी पी53 सारखे पहारेकरी जनुक बिघडले की कुठलेही प्रथिन तात्पुरते थांबवून तो बदल पुसला जात नाही. म्हणून मला कराडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेतले काम जास्त मोलाचे वाटते. तिथल्या संशोधकांनी गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या ग्रामीण स्त्रियांमध्ये एक्सआरसीसी 1, 2 आणि 3 ही डीएनए दुरुस्तीची जनुके तपासली. आपल्याच मातीतल्या बायांच्या पेशी दुरुस्तीत कुठे कमी पडतात, हा प्रश्न त्यांनी विचारला.

जेवणातली हळद बंद करायचे काही कारण नाही. काळजी वाटते ती कुरकुमीनच्या कॅप्सूलची. त्यांत बऱ्याचदा मिऱ्यातले पिपरिन घालतात. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या 1998 च्या प्रयोगात 20 मिलीग्रॅम पिपरिनने माणसांतली कुरकुमीनची उपलब्धता 2,000 टक्क्यांनी वाढली. पिपरिन हे साधते यकृताचे औषध निकाली काढण्याचे काम मंदावून. त्यामुळे दुसऱ्या औषधांचे रक्तातले प्रमाणही बदलू शकते. उंदरांवरच्या 2002 च्या एका अभ्यासात तर आहारातल्या कुरकुमीनमुळे सायक्लोफॉस्फमाइड या किमोच्या औषधाचा गाठीवरचा परिणाम कमी झाला. कुणी किमोसाठी मिरजेला किंवा कराडला जात असेल, तर घरातली कॅप्सूलची बाटली सोबत न्यावी आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दाखवावी.