अडकलेला संगणक

गावच्या सेवा केंद्रात गर्दी असते. कुणाला सातबारा हवा असतो, कुणाला उत्पन्नाचा दाखला. कुणाला पीक विम्याचा अर्ज भरायचा असतो, आणि मुदतीचा शेवटचा दिवस असतो. अर्ज निम्मा भरून होतो, अन् एकाएकी पडदा थिजतो. बाण हलत नाही. अक्षर उमटत नाही. मग कुणी म्हणतो, "बिघडला वाटतं." दुसरा म्हणतो, "बटण दाबून बंद कर, अन् परत लाव."

बंद करून परत लावला की संगणक बहुधा चालू होतो, हे खरे. पण निम्मा भरलेला अर्ज त्यात जातो. बचत गटाचा हिशेब लिहीत असाल तर तोही जातो. म्हणून बटणाकडे हात नेण्याआधी काय काय करून पाहावे, ते आता समजून घेऊ.

आधी हे पाहा, की काम जाते कसे. संगणकात लिहिण्याच्या दोन जागा असतात. एक पाटीसारखी, एक वहीसारखी. पाटीसारख्या जागेला रॅम म्हणतात. आपण जे टाइप करतो ते आधी या पाटीवर येते. वीज गेली किंवा संगणक बंद केला, की पाटी कोरी होते. वहीसारखी जागा म्हणजे डिस्क. तिच्यात उतरवलेले वीज गेली तरी राहते. 'सेव्ह' करणे म्हणजे पाटीवरचे वहीत उतरवणे, दुसरे काही नाही. जे उतरवले नाही, तेच जाते.

आता अडकणे म्हणजे काय? पाटाच्या पाण्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. पाटाला पाणी एकच, आणि शेतकरी पुष्कळ. म्हणून पाळी लावतात. एकाचे भिजले, की त्याचे दार बंद, दुसऱ्याचे उघडे. संगणकातही तसेच चालते. कामे पुष्कळ असतात, आणि ती करणारा प्रोसेसर मोजका. तो या कामाला क्षणभर वेळ देतो, मग त्या कामाला. हे इतक्या झपाट्याने होते, की सारी कामे एकदमच चालली आहेत असे आपल्याला वाटते.

ही पाळी लावणारा पाटकरी म्हणजे विंडोज. पूर्वी हा पाटकरी फार मऊ होता. १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमने आपले दार आपणच बंद करायचे, अशी रीत होती. एकाने दार उघडेच ठेवले, की बाकीच्यांची शेते कोरडी. मग सारा संगणक ठप्प! १९९५ च्या विंडोज ९५ पासून घरगुती संगणकांत ही रीत बदलू लागली. आता पाटकरी वेळ झाली की स्वतः दार लावतो. म्हणून हल्ली पुष्कळदा सारा संगणक अडकलेला नसतो. एकच प्रोग्रॅम अडून बसलेला असतो. त्या एकाला उठवले, की बाकीची कामे जागच्या जागी सुखरूप सापडतात.

तेव्हा संगणक थिजला की पहिली गोष्ट ही करा, की हात मागे घ्या. एक-दोन मिनिटे थांबा. कित्येकदा संगणक अडकलेला नसतोच; तो मोठे काम करीत असतो. पाटी भरून गेली की तो थोडे थोडे वहीत टाकतो आणि परत आणतो. त्यात वेळ जातो. अशा वेळी आपण माऊस धडाधड दाबला, तर ते सारे दाबणे रांगेत जमा होते, आणि संगणक मोकळा झाल्यावर नको ती बटणे दाबली जातात. अर्ज अर्धवटच पुढे जातो, किंवा एक पान दोनदा छापून निघते. रागाने बटणे बडवणाऱ्याला आजवर फायदा झालेला नाही.

थांबूनही हलले नाही, तर संगणक जिवंत आहे का ते पाहा. कळफलकावर, म्हणजे की-बोर्डवर, 'कॅप्स लॉक' नावाची कळ असते. ती दाबली की बहुतेक की-बोर्डवर एक बारीक दिवा लागतो, परत दाबली की विझतो. दिवा लागत-विझत असेल, तर संगणक आतून जागा आहे. मग नुसता माऊसच मेला नाही ना, तेही बघा. त्याची तार सैल झालेली असते, किंवा बिनतारी माऊसचा सेल संपलेला असतो. एवढ्यावरून दुकानदाराकडे नेलेले संगणक थोडे नाहीत.

दिवा लागतो, माऊसही ठीक आहे. आता एक जुनी खूण उपयोगी पडते. 'आल्ट' ही कळ दाबून धरा आणि 'टॅब' ही कळ दाबा. उघड्या असलेल्या दुसऱ्या कामावर जाता येते. तिथे जाता आले, तर 'कंट्रोल' धरून 'एस' दाबा. ते काम वहीत उतरले. असे एकेक करून चांगली कामे आधी वाचवा. अडलेल्या पानावर अर्ज दिसत असेल, तर मोबाइलने पडद्याचा फोटो काढून ठेवा. अर्ज पुन्हा भरायची पाळी आली, तर सर्वे नंबर आणि खाते नंबर शोधत बसावे लागणार नाही.

मग खरा उपाय. 'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'एस्केप' या तीन कळा एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' नावाची चौकट उघडते. ही पाटकऱ्याची यादीच समजा. कोणते काम चालू आहे, कोण किती जागा अडवून बसला आहे, ते तिच्यात लिहिलेले असते. ज्याच्यापुढे 'नॉट रिस्पॉन्डिंग' असे इंग्रजी शब्द दिसतील, तो अडलेला. त्याचा अर्थ, हाक मारली तर ओ देत नाही. एखाद्या प्रोग्रॅमने पाच सेकंद ओ दिली नाही, की विंडोज त्याच्यावर हा शिक्का मारते. पाच सेकंद म्हणजे काही फार नव्हे. म्हणून शिक्का दिसला की लगेच त्याला काढू नका. आणखी मिनिटभर वाट पाहा. तरीही ओ नाही, तर त्या नावावर एकदा दाबा, आणि 'एंड टास्क' हे बटण दाबा. तेवढा एक प्रोग्रॅम बंद होतो. त्यात न उतरवलेले काम जाईल, पण बाकीचे राहील.

वर्ड आणि एक्सेल यांना मात्र एक चांगली सवय आहे. मुळात ठरवल्याप्रमाणे ते दर दहा मिनिटांनी स्वतःच एक नक्कल ठेवतात. पुन्हा उघडले की ती नक्कल पुष्कळदा पुढे येते. इंटरनेटवरच्या अर्जाचे तसे नसते. त्या पानावर मसुदा ठेवण्याची सोय असेल तरच तो वाचतो.

यादीत अनोळखी नावे पुष्कळ दिसतील. ती विंडोजच्या घरचीच माणसे असतात. त्यांना हात लावू नये. फक्त खालची पट्टी आणि पडद्यावरची चित्रे थिजली असतील, तर यादीतले 'विंडोज एक्स्प्लोरर' हे नाव दाबा. बटणावर 'रीस्टार्ट' असे येते. भिऊ नका. तेवढी पट्टीच नव्याने सुरू होते, संगणक नव्हे.

क्रोममध्ये चार-पाच पाने उघडी असतील आणि एकच अडले असेल, तर 'शिफ्ट' आणि 'एस्केप' दाबा. क्रोमची स्वतःची यादी उघडते. तिच्यातून अडलेले पान काढा. अर्जाचे पान तसेच राहते.

आणखी एक तऱ्हा असते. आत सारे चालू असते, पण पडदाच काळा किंवा थिजलेला असतो. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोजची खिडकीच्या चित्राची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि 'बी' या चार कळा एकदम दाबा. पडदा क्षणभर मिचकतो. चित्र दाखवणारा भाग नव्याने सुरू होतो, आणि उघडी कामे उघडीच राहतात.

कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळांची जोडी पुष्कळांनी ऐकलेली असेल. १९८१ साली बाजारात आलेल्या आय.बी.एम. कंपनीच्या संगणकासाठी डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरने ती ठरवली. तेव्हा ती दाबली की संगणक सरळ नव्याने सुरू होई. चुकून दाबली जाऊ नये, दोन्ही हात लागावेत, म्हणून कळा लांब लांबच्या निवडल्या. आजच्या विंडोजमध्ये ती दाबली तर संगणक बंद होत नाही. एक यादी येते, तिच्यातूनही टास्क मॅनेजर उघडतो.

आता दोन गोष्टी नीट ध्यानात घ्या, कारण त्यांत पैशाचा संबंध आहे. पैसे भरताना पान अडकले, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी बँकेचा संदेश आला का ते पाहा, खात्यातून रक्कम गेली का ते पाहा. आणि कधी कधी सारा पडदा व्यापून एक पान येते. "तुमचा संगणक बंद केला आहे, या नंबरावर फोन करा," असे त्यावर लिहिलेले असते. भोंगाही वाजतो. हे अडकणे नव्हे, ही ठकबाजी आहे. फोन करू नका. एस्केप कळ दाबून धरा. नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी निराळेच घडते. संगणक चांगला असतो, पण पलीकडची वेबसाइटच गर्दीने दमलेली असते. चकती नुसती फिरत राहते. दुसरा प्रोग्रॅम उघडून पाहा. तो झटकन उघडला, तर दोष आपल्या यंत्रात नाही. तिथे एंड टास्कचा उपयोग नाही. थोडे थांबावे, किंवा पहाटे गर्दी नसताना यावे.

आणि कॅप्स लॉकचा दिवाच हलत नसेल, पाच-दहा मिनिटे थांबूनही कशाला दाद मिळत नसेल, तर चालू करायचे बटण दहा सेकंद दाबून धरण्यावाचून उपाय नाही. फक्त पडद्यावर 'अपडेट' चालू असल्याची सूचना असेल, तर तसे करू नका. त्याला तासभर लागला तरी लागू द्या.

मोबाइलचेही याहून फार निराळे नाही. ॲप अडकले, की पुष्कळदा 'वेट' आणि 'क्लोज' असे दोन पर्याय येतात. आधी 'वेट', म्हणजे थांबा, हे दाबावे. तेच पुन्हा आले, तर मग 'क्लोज'.