मंगळावरील थंडीची लाट: खेळातील वसाहत, काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

बल्गेरियातील हेमिमाँट गेम्स या संस्थेने घडवलेला आणि पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह या स्वीडिश प्रकाशकाने मार्च २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘सर्व्हायव्हिंग मार्स’ हा संगणकीय खेळ मंगळावर मानवी वसाहत उभारण्याचा आहे. काचेचे घुमट, प्राणवायू आणि पाणी मिळवणारी यंत्रे, वीजनिर्मितीची साधने आणि त्यांना जोडणाऱ्या तारा व नळ यांची मांडणी खेळाडूला करावी लागते आणि धुळीची वादळे, वावटळी, उल्कापात व थंडीची लाट या आपत्तींतून ही मांडणी टिकवावी लागते. यांपैकी थंडीच्या लाटेत काहीही कोसळत वा फुटत नाही. वास्तूंची विजेची गरज वाढते, पाण्याच्या टाक्यांसारख्या थंडीला न टिकणाऱ्या वास्तू गोठून बंद पडतात आणि वीज तुटलेल्या घुमटातील रहिवासी गारठून आजारी पडू लागतात. आपत्तीचे हे संथ स्वरूप पाहून खेळाडूंमध्ये आणि मंगळाविषयी कुतूहल बाळगणाऱ्यांमध्येही काही समज रूढ होतात. खेळाचे नियम आणि मंगळमोहिमांतून हाती आलेली माहिती यांच्या आधारे ते येथे तपासले आहेत.

गैरसमज १: खेळातील थंडीची लाट ही मंगळाच्या हवामानाची हुबेहूब नक्कल आहे.

वस्तुस्थिती: थंडीची लाट ही संज्ञा सापेक्ष आहे. भारतीय हवामान विभाग सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेले आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असले, की थंडीची लाट जाहीर करतो. म्हणजे नेहमीपेक्षा किती घट झाली यालाही तिथे महत्त्व असते. खेळातील लाटही अशीच काही सोल टिकणारी असाधारण घट आहे. सोल म्हणजे मंगळाचा एक दिवस, जो पृथ्वीच्या दिवसापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा असतो. प्रत्यक्ष मंगळावर मात्र सर्वांत मोठी घसरण दररोज सूर्यास्तानंतर होते. विरळ हवा आणि कोरडी, सैल माती यांना दिवसाची उष्णता धरून ठेवता येत नाही, त्यामुळे विषुववृत्ताजवळच्या गेल विवरातही, जिथे क्युरिऑसिटी हे फिरते यान २०१२ पासून काम करीत आहे, दुपार आणि पहाट यांच्या तापमानात ६० अंशांहून अधिक फरक पडू शकतो.

याखेरीज ऋतूंचा फेरा आहे. मंगळाचे वर्ष सुमारे ६६९ सोलांचे असते आणि त्याची कक्षा बरीच लंबवर्तुळाकार असल्याने दोन गोलार्धांचे हिवाळे सारखे नसतात. दक्षिण गोलार्धाचा हिवाळा ग्रह सूर्यापासून दूर असताना येतो, म्हणून तो सुमारे १७८ सोल लांबतो आणि अधिक कडक असतो, तर उत्तरेचा हिवाळा सुमारे १५४ सोलांत आटोपतो. खेळात लाट केव्हा येईल हे आधीपासून ठाऊक नसते. मंगळावरचा हिवाळा मात्र दिनदर्शिकेत आधीच लिहून ठेवता येतो. खेळाने या दीर्घ, नियमित संकटाला आकस्मिक घटनेचे रूप दिले आहे आणि खेळ म्हणून ते योग्यही आहे, पण त्यावरून मंगळाच्या हवामानाचे चित्र मनात पक्के करू नये.

गैरसमज २: उणे ६० अंश म्हणजे अंटार्क्टिकासारखाच गारठा आणि उघड्यावर पडलेली प्रत्येक वस्तू क्षणात गोठणार.

वस्तुस्थिती: एखादी वस्तू किती वेगाने थंड होते हे केवळ भोवतालच्या तापमानावर अवलंबून नसते, उष्णता वाहून नेणारे माध्यम किती दाट आहे यावरही ते ठरते. मंगळाच्या हवेचा दाब पृथ्वीच्या समुद्रसपाटीवरील दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी असून तिची घनता सुमारे साठाव्या हिश्शाएवढी आहे, त्यामुळे तिथला वारा अंगातील ऊब पृथ्वीवरच्या बोचऱ्या वाऱ्याप्रमाणे ओढून नेऊ शकत नाही. अंतराळवीरांच्या पोशाखात पाणी खेळवणाऱ्या बारीक नळ्यांचे अंतर्वस्त्र असते ते शरीर गरम करण्यासाठी नव्हे, तर शरीरात निर्माण होणारी उष्णता बाहेर काढण्यासाठी, हे या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे.

तथापि, मंगळाची हवा जवळजवळ निर्वात असल्याने ती थर्मासच्या भिंतीसारखे काम करील, हा उलट टोकाचा समजही खरा नाही. वायूची उष्णता वाहण्याची क्षमता दाब पुष्कळ घटला तरी फारशी कमी होत नाही, ती अतिनिर्वात स्थितीतच नाहीशी होते. त्यामुळे उपग्रहांना गुंडाळले जाणारे चकचकीत बहुपदरी आवरण मंगळाच्या पृष्ठभागावर तितकेसे उपयोगी पडत नाही. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या जुळ्या यानांचे नाजूक भाग म्हणूनच एका उबदार पेटीत ठेवले होते. तिच्या भिंतींत एअरोजेल, म्हणजे बहुतांशी पोकळी असलेला अतिहलका घनपदार्थ, भरला होता, बाहेरून सोन्याचा मुलामा होता आणि आत प्रत्येकी १ वॉट उष्णता देणारी ८ किरणोत्सारी उष्णता-एकके होती. खेळातील घुमटाच्या चित्रात अशा भिंती दिसत नाहीत, परंतु वास्तवातील पहिला बचाव त्यांचाच असतो.

गैरसमज ३: थंडीत सौर पॅनेल निकामी होतात आणि म्हणून वसाहतीतील वीज जाते.

वस्तुस्थिती: सिलिकॉनचे सौरघट तापले की त्यांची कार्यक्षमता घटते आणि थंड झाले की किंचित वाढते, सूर्यप्रकाश तेवढाच असेल तर कडाक्याच्या थंडीत पॅनेल चांगलेच चालते. नुकसान होते ते दुसऱ्या दोन ठिकाणी. एकीकडे उपकरणे कामाच्या तापमानात ठेवण्यासाठी विजेची मागणी वाढते. दुसरीकडे बॅटरीची वीज घेण्याची आणि देण्याची क्षमता घटते, आणि लिथियम-आयन बॅटरी शून्याखालच्या तापमानात भरल्यास तिच्या आत धातूचा थर साचून ती कायमची खराब होऊ शकते.

२०२१ साली मंगळावर पहिले उड्डाण करणाऱ्या इन्जेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या बॅटरीतील ऊर्जेचा मोठा वाटा उडण्यात नव्हे, तर रात्री स्वतःला गरम ठेवण्यात खर्च होत असे. मे २०२२ मध्ये हिवाळा जवळ आला आणि हवेतील धूळ वाढली, तेव्हा दिवसाची कमाई रात्रीच्या खर्चाला पुरेना आणि हेलिकॉप्टरचा संपर्क तात्पुरता तुटला. त्यावर नियंत्रकांनी हीटर उणे १५ अंशांऐवजी उणे ४० अंशांवर सुरू होईल अशी आज्ञा पाठवली, म्हणजे अधिक गारठा सोसून ऊर्जा राखण्याची निवड केली. त्यानंतरही हे हेलिकॉप्टर जानेवारी २०२४ पर्यंत उडत राहिले.

गैरसमज ४: धुळीचे वादळ आणि थंडीची लाट ही एकाच संकटाची दोन रूपे आहेत, तेव्हा तयारीही एकच.

वस्तुस्थिती: खेळात धुळीच्या वादळात हवेतून पाणी आणि प्राणवायू मिळवणारी यंत्रे थांबतात, म्हणजे पुरवठा आटतो, थंडीच्या लाटेत मागणी वाढते. पहिल्या संकटासाठी पाण्याचा व प्राणवायूचा साठा लागतो, दुसऱ्यासाठी प्रामुख्याने विजेचा. प्रत्यक्ष मंगळावरही दोहोंत फरक आहे, कारण हवेत पसरलेली धूळ दिवसाचे ऊन अडवते तशीच रात्री जमिनीतून निसटणारी उष्णताही काही प्रमाणात रोखते आणि दिवस-रात्रीतील तापमानाचा फरक कमी करते. २०१८ च्या ग्रहव्यापी वादळात ऑपॉर्च्युनिटी यान अडकले, तेव्हा तिथले तापमान सुमारे उणे ३६ अंशांखाली जाणार नाही असा अभियंत्यांचा अंदाज होता आणि यान उणे ५५ अंशांपर्यंत टिकेल असे बनवलेले होते. १० जून २०१८ नंतर ते गप्प झाले ते प्रामुख्याने अंधारामुळे.

स्पिरिटची गोष्ट याहून निराळी आहे. दक्षिण गोलार्धातील गुसेव विवरात हिवाळ्यात सूर्य उत्तरेकडे झुकलेला असल्यामुळे या यानाने २००८ चा हिवाळा होम प्लेट नावाच्या छोट्या पठाराच्या उत्तर कडेवर सुमारे ३० अंश कललेल्या स्थितीत काढला, जेणेकरून पॅनेलवर ऊन अधिक सरळ पडावे. पुढच्या हिवाळ्याआधी, २००९ मध्ये, त्याची चाके सैल मातीत रुतली, पॅनेल सूर्याकडे वळवता आले नाहीत आणि २२ मार्च २०१० नंतर त्याच्याकडून संदेश आला नाही.

गैरसमज ५: हीटर जितके जास्त, तितकी वसाहत सुरक्षित.

वस्तुस्थिती: खेळातील भूमिगत हीटर ठरावीक त्रिज्येतील वास्तूंना गोठण्यापासून वाचवतो, परंतु त्यासाठी वीज आणि पाणी दोन्ही खर्च करतो, म्हणजे लाटेने ज्या दोन गोष्टींची टंचाई निर्माण होते, त्यांवरच त्याचा भार पडतो. वसाहत विखुरलेली असेल तर प्रत्येक टोकाला हीटर बसवावा लागतो आणि शेवटी हीटरांना पोसण्यासाठीच नवी वीजकेंद्रे उभारावी लागतात. टाक्या, बॅटऱ्या आणि पाण्याची यंत्रे सुरुवातीपासून एका आटोपशीर क्षेत्रात बांधली, तर मोजक्या हीटरांत भागते.

वास्तवात यात आणखी एक धोका संभवतो. फिनिक्स यान मे २००८ मध्ये मंगळाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशाजवळ उतरले, तेव्हा मातीच्या अवघ्या काही सेंटीमीटर थराखाली पाण्याचा बर्फ आढळला. अशी गोठलेली जमीन तापवली तर तिची घट्ट पकड सुटून वरची वास्तू खचण्याचा संभव असतो. सैबेरियातील याकुत्स्क शहरात इमारती खांबांवर उचलून बांधल्या जातात त्या याच कारणाने, घरातील ऊब खालच्या गोठलेल्या जमिनीपर्यंत पोहोचू नये म्हणून. उलट कोरडी माती स्वतःच उत्तम उष्णतारोधक असते. चंद्रयान-३ च्या विक्रम अवतरकावरील उपकरणाने ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या मातीचे तापमान मोजले, तेव्हा पृष्ठभागावर ते ५० अंशांच्या आसपास वा अधिक आणि केवळ ८ सेंटीमीटर खोलीवर सुमारे उणे १० अंश होते. एवढ्याशा थरातून उष्णता इतकी कमी झिरपत असेल, तर घुमटावर मातीचे जाड पांघरूण घालणे हा हीटरपेक्षा स्वस्त उपाय ठरू शकतो.

गैरसमज ६: मंगळ उबदार केला की प्रश्नच मिटतो.

वस्तुस्थिती: २०१९ मध्ये आलेल्या ‘ग्रीन प्लॅनेट’ या पुरवणी खेळात हरितगृह वायू सोडून ग्रहाचे तापमान वाढवता येते आणि ते पुरेसे वाढल्यावर थंडीच्या लाटा थांबतात. ब्रूस जॅकोस्की आणि क्रिस्टोफर एडवर्ड्स यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मात्र मंगळावर सहज मिळवता येण्याजोगा सगळा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, तरी दाब सुमारे २० मिलिबारपर्यंतच वाढेल आणि तापमानवाढ १० अंशांहूनही कमी राहील. आज ज्ञात असलेल्या तंत्राने हा मार्ग बंद आहे.

गैरसमज ७: मोठा साठा करून ठेवला, की लाट निभावते.

वस्तुस्थिती: खेळातील संवेदक मनोरे आपत्तीची सूचना अधिक आधी देतात, पण साठा भरायला लागणारा वेळ त्या सूचनेपेक्षा मोठा असू शकतो. एक काल्पनिक हिशेब पाहता येईल. एखादी वसाहत दर तासाला १२० एकके वीज निर्माण करते आणि तिची गरज १०० एकके आहे असे धरू. लाटेत गरज दीडपट झाली असे मानले, तर ती १५० होते आणि तासाला ३० एककांची तूट पडते. सोल २४ तासांचा धरल्यास एका सोलात ७२० आणि पाच सोलांत ३,६०० एकके. एरवी तासाला २० एकके शिल्लक राहतात, म्हणजे सोलाला ४८०, त्यामुळे एवढा साठा भरायला साडेसात सोल लागतात आणि त्या काळात दुसऱ्या कशासाठीही ती शिल्लक वापरता येत नाही. पाण्याच्या साठ्याची तर आणखी वेगळी अडचण आहे, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि गोठलेली भरलेली टाकी ही असून नसल्यासारखीच असते.

याच वसाहतीने नेहमीच्या गरजेपैकी २० एककांची कामे लाटेपुरती बंद केली, तर उरलेल्या ८० एककांची दीडपट गरज १२० होते आणि तूट पूर्णपणे नाहीशी होते. खेळात वास्तू बंद करण्याची आणि त्यांचा अग्रक्रम ठरवण्याची सोय याच कामी येते. खाणी, कारखाने, प्रयोगशाळा यांना काही सोल विश्रांती देता येते. प्राणवायू, पाणी आणि घुमटांची वीज यांना देता येत नाही. म्हणून लाटेच्या तयारीची पहिली पायरी नवी टाकी किंवा नवा हीटर ही नसून, कोणती वास्तू कोणत्या क्रमाने बंद करायची याची यादी ही होय, आणि ती यादी आकाश निरभ्र व बॅटऱ्या भरलेल्या असतानाच तयार असावी लागते.