कृष्णविवर

कृष्णविवर : ज्या खस्थ पदार्थाच्या गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही, त्यास कृष्णविवर म्हणतात. मुक्तिवेग (गुरुत्वाकर्षणातून कायमचे सुटण्यास लागणारा किमान वेग) पृथ्वीच्या पृष्ठभागावर सेकंदाला सु. ११·२ किमी. व सूर्याच्या पृष्ठभागावर सु. ६१८ किमी. असतो. वस्तुमान तेच ठेवून गोल आकुंचित करीत गेल्यास हा वेग वाढतो व एका विशिष्ट त्रिज्येस तो प्रकाशवेगाइतका, म्हणजे सेकंदाला सु. ३ लक्ष किमी. होतो. ही त्रिज्या सूर्यासाठी सु. ३ किमी., तर पृथ्वीसाठी केवळ ९ मिमी. भरते. जॉन मिचेल (१७८३) व लाप्लास (१७९६) यांनी अशा अदृश्य ताऱ्यांची कल्पना मांडली होती. पण न्यूटन यांच्या यामिकीत प्रकाशवेग ही अंतिम मर्यादा नाही. व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार ती आहे, आणि या त्रिज्येच्या आत बाहेरच्या दिशेने सोडलेला किरणही केंद्राकडेच जातो. म्हणून या सीमेपलीकडील कोणतीही वार्ता बाहेर येत नाही. तिला घटना क्षितिज म्हणतात [→ सापेक्षता सिद्धांत].

गोलाभोवतीच्या गुरुत्वीय क्षेत्राचा निर्वाह कार्ल श्वार्ट्सशिल्ट यांनी १९१६ मध्ये दिला. त्यात ताऱ्याभोवतीचा अवकाश सर्वस्वी रिक्त मानलेला आहे. खरा तारा मात्र प्रकाशतो, आणि प्रारणाबरोबर ऊर्जा, पर्यायाने वस्तुमानही, गमावतो. कोल्हापूर येथे जन्मलेले गणितज्ञ विष्णु वासुदेव नारळीकर (१९०८–९१) १९३२ पासून बनारस हिंदू विश्वविद्यालयात होते व तेथे त्यांनी सापेक्षतेच्या अभ्यासकांची परंपरा निर्माण केली. त्यांच्याकडे १९४२ मध्ये आलेले प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी पुढच्याच वर्षी प्रारण करणाऱ्या ताऱ्याच्या बाह्य क्षेत्राचा निर्वाह प्रसिद्ध केला. त्याचे मर्म असे की, ताऱ्याचे वस्तुमान घटल्याचा परिणाम दूरच्या निरीक्षकास तत्काळ जाणवत नाही. तो प्रारणाबरोबर प्रकाशवेगानेच बाहेर पसरतो. या कार्यास कागद व लेखणीखेरीज कोणतेही साधन लागले नाही. क्वेसारांचा शोध (१९६३) लागून गुरुत्वीय अवपाताचा प्रश्न ऐरणीवर आल्यानंतर त्याचे महत्त्व खऱ्या अर्थाने उमगले. प्रारणाची दिशा उलटी घेतल्यास हाच निर्वाह प्रारण गिळून वाढणाऱ्या कृष्णविवराचे वर्णन करतो.

सर्वसामान्य मराठी वाचकांस हा विषय परिचित करून देण्यात नारळीकरांचे पुत्र जयंत (१९३८–२०२५, जन्म कोल्हापूर) यांचा वाटा मोठा आहे. त्यांची ‘कृष्णविवर’ ही विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ मधील स्पर्धेत पहिली आली. ती त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली होती. ही त्यांच्याच नावाची उलट्या क्रमाने घेतलेली आद्याक्षरे होत.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो उपकरणांनी दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून निघालेल्या गुरुत्वीय तरंगांची प्रथमच नोंद केली. सूर्याच्या सु. ३६ व २९ पट वस्तुमानांचे मिळून सु. ६२ पट वस्तुमानाचे विवर झाले. उरलेले तरंगरूपाने बाहेर पडले. गोंगाटातून असे क्षीण संकेत वेगळे काढण्याच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी अनेक वर्षे आधीपासून काम करीत होते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ असेच उपकरण उभारण्यास केंद्र शासनाने २०२३ मध्ये मंजुरी दिली.