जेली थिजते कशी आणि वितळते का?

नागपूरच्या एका ताईंनी विचारलंय, "बेंगळुरूला बहिणीकडे जेली फ्रिजबाहेरही टिकते. माझ्याकडे उन्हाळ्यात ताटलीत काढली की थोड्या वेळात पाणी! पाकीट तेच, माप तेच. माझं चुकतं कुठे?"

ताई, तुमचं काही चुकत नाही. फरक तापमानाचा आहे.

जिलेटिन येतं जनावरांच्या हाडांतल्या आणि कातड्यातल्या कोलॅजनपासून. कोलॅजनचा रेणू म्हणजे तीन पदरी पिळाचा दोर. हा पीळ 1954-55 मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी उलगडून दाखवला. पुढे रामचंद्रन आमच्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

गरम पाण्यात जिलेटिनचे पदर सुटे असतात. पाणी गार झालं की ते जागोजागी पुन्हा पीळ घेतात. त्यांचं जाळं तयार होतं आणि पाणी त्यात अडकून बसतं. पायाचं सूप फ्रिजमध्ये थिजतं, ते यामुळेच. पण हा पीळ नाजूक असतो. साधारण 30 ते 35 अंशांना तो सुटतो. म्हणून तर 37 अंशांच्या तोंडात जेली विरघळते. बेंगळुरू 900 मीटर उंचीवर, त्यामुळे हवा सौम्य. नागपुरात मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो. तिथे जेली उभी राहणार कशी?

आता करायचं काय? जिलेटिन आधी गार पाण्यात फुगवा, मग गरम पाण्यात विरघळवा. खळाखळा उकळत ठेवू नका. पदर तुटतात आणि जेली लिबलिबीत होते. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. बर्फाचे स्फटिक जाळं फाडतात आणि नंतर पाणी सुटतं.

शाकाहारी असाल तर चायना ग्रास वापरा. ते समुद्री शेवाळापासून बनतं. ते मात्र चांगलं उकळावं लागतं. 35-40 अंशांना थिजतं आणि पुन्हा वितळायला 85 च्या आसपास तापमान लागतं. नागपूरच्या उन्हालाही ते दाद देत नाही.

शेवटची गोष्ट जेलीपेक्षा महत्त्वाची. औषधाच्या बहुतेक कॅप्सूलचं कवच जिलेटिनचंच असतं. आसामच्या दमट उन्हाळ्यात तंबूतल्या औषधपेटीत त्या एकमेकींना चिकटलेल्या मी पाहिल्या आहेत. तेव्हा उन्हात उभ्या गाडीत किंवा गॅसजवळच्या फळीवर औषधं ठेवू नका. पाकिटावर लिहिलेलं तापमान म्हणजे हुकूम समजा!

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!