विंचू चावला तर वेदना मोजू नका, हातपाय चाचपा



होळी झाली की कर्जत-खालापूरच्या आपल्या वस्त्यांमध्ये आवराआवर सुरू होते. राबासाठी पातेरा गोळा करायचा, कौले चाळायची, पावसाळ्याची लाकडे आणि गोवऱ्या आत घ्यायच्या. ही सगळी कामे हाताने होतात, आणि जिथे हात जातो तिथेच उन्हाळ्यात विंचू बसलेला असतो. दिवसा तो दगडाखाली, विटांच्या फटीत, पेंढ्यात, कौलांच्या खाली गारव्याला लपतो. रात्री झुरळे आणि किडे खायला बाहेर पडतो. आपणही उकाड्यामुळे त्याच वेळी जमिनीवर चटई टाकून निजतो. वीटभट्टीवर राहणाऱ्या कुटुंबांचे तर अंथरूणच विटांच्या रचलेल्या ढिगाशेजारी असते.

गांधीलमाशी, मधमाशी, गोम यांचेही हेच दिवस. त्यांच्याबद्दल शेवटी लिहितो. पण या पानावर जास्त जागा विंचवाला देणार आहोत, कारण आपल्या भागात जीव घेणारा दंश त्याचा आहे आणि त्याच्याबद्दलचे गैरसमज सर्वांत जास्त आहेत.

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारचे विंचू दिसतात. एक काळा, मोठा, जाड नांग्यांचा. त्याला आपण इंगळी म्हणतो. दिसायला भयंकर, दुखतेही भयंकर, पण सहसा जिवावर बेतत नाही. दुसरा लाल-तपकिरी, बोटाएवढा, नांग्या बारीक आणि शेपूट जाड. कोकणात माणसे मारतो तो हा. वस्तीत मात्र उलटे घडते. इंगळी चावली की सगळी आळी गोळा होते, आणि लाल विंचू चावला की "बारीक तर होता" म्हणून पोराला झोपवतात.

दुसरा गैरसमज याहून घातक आहे. ठणका जास्त म्हणजे विष जास्त, असे आपण धरून चालतो. लाल विंचवाचे विष अंगात पसरते तेव्हा चावलेल्या जागी अनेकदा फार दुखत नाही. मूल रडायचे थांबते, आई म्हणते उतरले. त्याच वेळी त्याला उलट्या होऊ लागतात, कपडे भिजतील इतका घाम येतो, तोंडाला लाळ सुटते आणि हातपाय बर्फासारखे गार पडतात. लहान मुलग्यांच्या लिंगाला ताठरता येते. हे सांगायला घरचे लाजतात. लाजू नका, डॉक्टरांना ती मोठी खूण असते. भर मे महिन्यात पोराचे तळवे गार लागले तर एक मिनिटही घरी थांबायचे नाही. खोकला आणि धाप लागली, तोंडातून गुलाबी फेस आला, म्हणजे फुप्फुसात पाणी भरले. तिथून परत आणणे अवघड असते.

असे का होते? हे विष मज्जातंतूंना चेतवते. घाबरल्यावर आपल्या अंगात जी रसायने थोडी सुटतात ती एकदम पुराने सुटतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला बंद नळातून पाणी ढकलावे तसे रक्त ढकलावे लागते. आधी रक्तदाब चढतो, मग हृदय थकते.

यावरचा उपाय आपल्याच जिल्ह्यात सापडला, हे आपल्या पोरांना सांगा. ज्या महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि जिथे आपण दरवर्षी जातो, त्याच महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर नोकरीला आले. विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि मुले डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलटी यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ साली त्या नोंदी 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी या दंशावर वापरली. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. पूर्वी विष अंगात भिनलेल्या शंभर रुग्णांमागे तीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण चारच्या खाली आले. २०११ साली त्यांनी ७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नुसती गोळी दिली, निम्म्यांना गोळीसोबत विंचवाची प्रतिविष लस. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते लस मिळालेल्या ३५ पैकी ३२ आणि नुसत्या गोळीवरच्या ३५ पैकी ८. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम कुठल्या मोठ्या शहरातल्या काचेच्या इमारतीत झाले नाही, म्हणून आम्हाला त्याचे जास्त मोल वाटते.

ही गोळी मात्र मेडिकलमधून आणून घरी देऊ नका. ती घेतल्यावर रक्तदाब एकदम उतरू शकतो. रुग्णाला आडवे ठेवावे लागते, दर थोड्या वेळाने रक्तदाब बघावा लागतो. गोळी दिल्यावर लघवीला म्हणून उठलेला रुग्ण दारातच कोसळतो, हे आम्ही वॉर्डात पाहिले आहे. मुलाची मात्रा त्याच्या वजनावर ठरते. आणखी एक गोष्ट: सापाची लस विंचवाला चालत नाही. "साप की विंचू" हे सांगता आले तर सांगा, पण ओळख पटवायला जनावराच्या मागे बॅटरी घेऊन धावू नका.

घरी करायचे ते थोडेच आहे. जागा साबणाने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून ठेवा, हाताला चावला असेल तर बांगड्या-अंगठी काढा, किती वाजता चावला ते लक्षात ठेवा. दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, तोंडाने ओढू नका. चुना, तंबाखू, रॉकेल यांतले काही लावू नका आणि दुखणे विसरावे म्हणून दारू तर नकोच नको. मूल असेल तर लक्षणांची वाट न बघता निघायचे. मोठ्या माणसाला नुसता ठणका असला तरी तपासून घ्यावे, आणि घाम किंवा उलटी दिसली तर १०८ लावावा. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळ्याला आणि चौकला ग्रामीण रुग्णालय आहे. गाडी यायला उशीर होणार असेल तर रिक्षा, टेम्पो, जे मिळेल ते. रुग्णाला चालवत नेऊ नका. तिथे नुसते एक इंजेक्शन देऊन घरी जा म्हणाले आणि घाम चालू असेल, तर दारातून हलू नका. "रक्तदाब बघा, दाखल करून घ्या" असे शांतपणे पण ठामपणे म्हणा. आपल्या बायाबापड्या तिथे गप्प बसतात. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हेत.

आता मांत्रिकाचे. मंत्राने विंचू उतरतो असे छातीवर हात ठेवून सांगणारी माणसे आपल्या वस्तीतही आहेत, पंचशील रोज म्हणणाऱ्या घरांतही आहेत. ती खोटे बोलत नाहीत, त्यांनी तसे पाहिलेले असते. बहुतेक दंशांत विष अंगभर पसरतच नाही आणि ठणका एका दिवसात आपोआप कमी होतो. मंत्र म्हटला तरी कमी होतो, न म्हटला तरी होतो. ज्याच्या अंगात विष भिनले त्याचे दोन तास मात्र त्या अंगणात जातात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हे स्पष्ट लिहिले आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र, गंडादोरा करणे हा गुन्हा आहे, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. आम्ही मात्र आधी पोलिसांकडे जात नाही. शेजारच्या वाडीतल्या भगताच्या पडवीत बसतो, चहा घेतो आणि म्हणतो, "दादा, तुमच्याकडे आले तर आधी हातपाय चाचपा, गार लागले तर तुम्हीच गाडीत बसवा." काही ऐकतात. जे ऐकतात त्यांच्यामुळे रुग्ण लवकर पोचतो.

चावूच नये म्हणून काय करायचे? लाकडे आणि विटा भिंतीला टेकून रचू नका, घरापासून चार पावले दूर रचा. कुडाच्या भिंतीच्या फटी शेणमातीने लिंपा, सिमेंटच्या असतील तर बुजवा. खाटेवर झोपता आले तर उत्तमच, नाहीतर मच्छरदाणी चटईखाली नीट खोचा. डास आणि विंचू दोन्ही बाहेर राहतात. चप्पल-बूट, शाळेचा गणवेश, खुंटीवरचा टॉवेल झटकून घ्या. पातेरा हाताने नाही, काठीने ओढा. कोंबड्या विंचू टिपतात, असतील तर अंगणात मोकळ्या सोडा. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी मिळते, तिच्या उजेडात अंधारात विंचू हिरवट चमकतो. वस्तीत एक जरी घेतली तरी रात्री अंगण बघता येते. शेतावरचे कीटकनाशक मात्र घरात फवारू नका. पोरे त्याच जमिनीवर रांगतात.

गांधीलमाशीचे पोळे वळचणीला दिसले तर पोरांना दगड मारू देऊ नका. मधमाशीचा काटा रुतला असेल तर नखाने लगेच खरवडून काढा. एक-दोन डंखांना बर्फ पुरतो. पण ओठ-डोळे सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, श्वास कोंडला, तर ती ॲलर्जी आहे आणि काही मिनिटांचा प्रश्न आहे. डंख पुष्कळ झाले असतील तरी दवाखाना गाठा, मूत्रपिंडावर परिणाम होतो. बुद्धपौर्णिमेच्या सुमारास आपण सहकुटुंब कोंढाण्याच्या, कार्ल्याच्या लेण्यांना जातो. आग्या मोहोळ अशाच उंच कड्यांना लटकते, म्हणून आधी वर बघा. तिथे धूर, फटाके, उग्र अत्तर नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून पळा, हात झाडत उभे राहू नका. गोम चावली तर दुखते, सुजते, पण मोठ्या माणसाला सहसा धोका नसतो.

एक काम महिला मंडळांनी या महिन्यातच करावे. चौघीजणी मिळून आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि विचारा: प्राझोसिनच्या गोळ्या आहेत का, किती आहेत, मुदत कधी संपते? विंचवाची लस इथे मिळते की कुठे पाठवणार? रात्री डॉक्टर कोण असतात? साठा नसेल तर तसा अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या. उत्तरे विहाराच्या फळ्यावर १०८ च्या खाली मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.